कागद, शाई आणि चित्रकाराचा शब्द

पुण्याच्या पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल सोडला की दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद समोर येतात. कडा कुठे कसरीने खाल्लेल्या, घडीवर मळकट रेघ; पण अक्षर अजून काळेभोर आणि कागद शाबूत. उलट माळ्यावर पडलेले साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र उलगडू पाहा, त्याचे हातातल्या हातात तुकडे पडतात. दोन्ही कागदच आणि दोन्हींवर शाईच. एक टिकला आणि एक गेला, ही नशिबाची गोष्ट नाही. कागद कोणत्या धाग्याचा, शाई कोणत्या जातीची आणि दोघांचे एकमेकांशी कसे जमते, यावर ते ठरते.

जुन्नरला हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. मराठेशाहीच्या काळात दख्खनमध्ये जो हातकागद चाले त्यात दौलताबादी कागदाबरोबर जुन्नरी कागदाचेही नाव होते. सरकारी दफ्तरे, सावकारांच्या वह्या, पोथ्या, पत्रे यांना तो लागे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरातही जुन्नरच्या कागदाची नोंद आहे. ज्या गावाने एके काळी इतरांच्या लिखाणाला कागद पुरवला, त्या गावच्या आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या चित्रकारांपुढे, छायाचित्रकारांपुढे आणि कलाशिक्षकांपुढे आज कागद-शाईचे एक नवे माध्यम येऊन उभे आहे. त्याला बाजारात फाइन आर्ट इंकजेट प्रिंट म्हणतात. काही गॅलऱ्या जिक्ले म्हणतात. हे पुस्तक त्या माध्यमाची ओळख करून देण्यासाठी लिहिले आहे.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे: इंकजेट हे चित्रकाराचे स्वतःचे माध्यम होऊ शकते, पण त्यासाठी कागद कोणता, शाई कोणती आणि प्रती किती, हे तिन्ही निर्णय चित्रकाराने स्वतः घ्यायला हवेत. ते छापणाऱ्या दुकानावर सोडले की हातात येते ती चित्राची झेरॉक्स. हे निर्णय समजून घ्यायचे तर सुरुवात जुन्या कागदापासूनच करावी लागते.

जुन्नरात कागदाचे काम मुस्लिम कागदी समाजाच्या हाती होते. दख्खनी पद्धतीचा कच्चा माल साधा असे: तागाची फाटकी पोती, जुने दोरखंड, रद्दी. ते भिजवून, चुन्याच्या पाण्यात मुरवून, पायाने चालवायच्या लाकडी ढेकीखाली दिवसचे दिवस कुटत. मग वाहत्या पाण्यात धुऊन चुना काढायचा आणि पुन्हा कुटायचे. तयार झालेला लगदा पाण्याच्या हौदात कालवायचा. कारागीर हौदाच्या काठाशी बसे. लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची बारीक चटई अंथरून ती पाण्यात बुडवे, सपाट धरून वर उचले, आणि पाणी निथळता निथळता चौकट अशी हलवे की धागे उभे-आडवे एकमेकांत गुंतत. चटईवर उरलेला पातळ थर म्हणजे कागद. तो एकावर एक रचून, दाबून पाणी काढून, भिंतीवर चिकटवून वाळवत.

मात्र वाळलेला हा कागद अजून लिहिण्याजोगा नसे. बोरू टेकवला की शाई टीपकागदासारखी पसरे. म्हणून त्याला पिठाची खळ लावत, पुन्हा वाळवत, आणि फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटत. घोटून घोटून पृष्ठभाग दाबला जाई, रंध्रे बुजत, कागदाला मंद चकाकी येई. त्यानंतर बोरूची रेघ जिथे ओढली तिथेच राही. कागदाचा निम्मा गुण धाग्यात होता, निम्मा या खळीत आणि घोटण्यात.

आजच्या इंकजेट कागदाची रचना नेमकी याच तत्त्वावर उभी आहे. चांगल्या आर्ट पेपरचा गाभा कापसाच्या धाग्याचा किंवा शुद्ध केलेल्या सेल्युलोजचा असतो. त्याच्यावर शाई धरून ठेवणारा एक अतिशय पातळ लेप असतो. यंत्रातून पडलेला शाईचा थेंब त्या लेपातच थांबतो; आजूबाजूला पसरत नाही, खोल मुरून फिका पडत नाही. बाजारातला सुंदर हातकागद आणून थेट प्रिंटरमध्ये घातला की रंग मलूल उतरतात, कारण त्याच्यावर हा लेप नसतो. शिवाय सुटे तंतू यंत्राच्या तोंडाशी अडकतात. खळ न लावलेल्या कागदावर बोरूने लिहिण्यासारखेच ते आहे. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा किंवा अन्य कुणाचा कागद वापरायची हौस असेल तर त्यावर आधी लेप द्यायला शिकावे लागते. ते कसे, यावर या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे.

आता शाईकडे येऊ. दफ्तरातले अक्षर अजून काळे राहिले, कारण ती शाई काजळाची होती. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात खलून खलून ती तयार होई. काजळी म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण कागदावर बसतात आणि डिंक त्यांना धरून ठेवतो. उजेडाचा कार्बनवर फारसा परिणाम होत नाही. विरघळणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईची गोष्ट वेगळी. तिचे रेणू सुटे सुटे असतात. उजेड, हवेतला ओझोन आणि दमटपणा त्यांना लवकर मोडतात. साध्या कार्यालयीन प्रिंटरवर काढलेला रंगीत फोटो भिंतीवर लावला की थोड्याच वर्षांत विटतो, त्याचे कारण हेच. बाजारात या दोन जातींना पिगमेंट इंक आणि डाय इंक म्हणतात. चित्रकाराने दुकानात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: शाई पिगमेंट आहे का? आजच्या पिगमेंट संचातली काळी शाई कार्बनचीच असते. जुन्नरी कागदावरची शाई आणि ही शाई एकाच कुळातली आहे.

एकोणिसाव्या शतकात गिरणीचा कागद आला आणि हातकागदाचा धंदा ओसरत गेला. गिरणीचा कागद स्वस्त होता, मुबलक होता, पांढरा होता. पण त्यातला बराचसा लाकडाच्या लगद्याचा, आणि तुरटी घातल्यामुळे आम्लधर्मी. ते आम्ल कागदाला आतून खाते. म्हणून त्या काळातली कितीतरी पुस्तके, नियतकालिके आणि चित्रेही पिवळी पडून ठिसूळ झाली. आज कागद घेताना पाकिटावर ‘ॲसिड फ्री’ आणि ‘कॉटन रॅग’ हे शब्द शोधायचे ते यासाठी. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. खूप पांढराशुभ्र दिसणाऱ्या कागदात नीळ घातल्यासारखी चमक आणणारी रसायने असतात. काही वर्षांत त्यांचा जोर ओसरतो आणि कागद मूळ पिवळसर रंगावर येतो. पांढऱ्याचा रंग बदलला की त्यावर उभे असलेले सगळे चित्र बदलते. टिकाऊ कामासाठी किंचित दुधी दिसणारा, अशी रसायने नसलेला कागद बरा.

छापील चित्राला आपल्या जिल्ह्यात मोठा इतिहास आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा प्रेस काढला. देवदेवतांची आणि मराठेशाहीतल्या पुरुषांची शिळाछापाची चित्रे तिथून घराघरांत गेली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. प्लेगच्या दिवसांत तो मळवलीला, कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी आला आणि पुढे फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. अशा एका रंगीत शिळाछापासाठी, म्हणजे ओलिओग्राफसाठी, अनेक दगड लागत. प्रत्येक रंगछटेला वेगळा दगड आणि प्रत्येक दगडाची वेगळी छपाई. त्या चित्रांनी महाराष्ट्राची देवघरे आणि दिवाणखाने बदलले. चित्र विकत घेणे ही फक्त संस्थानिकांची गोष्ट राहिली नाही. हे उपकार विसरता येणार नाहीत.

पण त्या पद्धतीत चित्रकाराच्या हातून एक गोष्ट निसटे. चित्रातल्या रंगांचे दगडावर विभाजन करायचे काम कारागिराचे. कुठल्या छटेला किती दगड, कोणता रंग आधी, कोणता मागून, हे निर्णय छापखान्यात होत. मूळ तैलचित्र आणि ओलिओग्राफ शेजारी ठेवले की त्वचेच्या छटांमधला फरक डोळ्यांत भरतो. चित्रकाराचे चित्र लोकांपर्यंत गेले, पण चित्रकाराची नजर वाटेतच थांबली. इंकजेटने पहिल्यांदा ही नजर यंत्राच्या अगदी तोंडापर्यंत आणली. प्रत्येक छटेचा निर्णय, प्रत्येक प्रतीचा कागद, प्रत्येक चाचणी चित्रकार स्वतः पाहू शकतो. या माध्यमाचे खरे बळ इथे आहे.

या तंत्राचा कलेतला प्रवास फार जुना नाही. आयरिस नावाची अमेरिकन यंत्रे मुळात छापखान्यांना रंगांचे प्रूफ दाखवण्यासाठी बनली होती. गायक आणि छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी त्यातले सुमारे सव्वा लाख डॉलरचे एक यंत्र विकत घेतले आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छापखाना सुरू केला. जाड जलरंगाच्या कागदावर त्या यंत्राने काढलेले प्रिंट पाहून चित्रकार चकित झाले. ते यंत्र आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण आयरिसच्या शाया विरघळणाऱ्या रंगाच्या होत्या, आणि सुरुवातीची कितीतरी चित्रे लवकर विटली. विकत घेणाऱ्यांचा विश्वास डळमळला. अमेरिकेतले हेन्री विल्हेल्म यांनी प्रिंट तीव्र उजेडात ठेवून ते किती काळ टिकतील याच्या चाचण्या घ्यायला आणि निष्कर्ष जाहीर करायला सुरुवात केली. त्या दबावाखाली कंपन्यांनी शाया सुधारल्या. २००० सालानंतर पिगमेंट शाईची मोठी यंत्रे सर्रास मिळू लागली. आज चांगला कागद, पिगमेंट शाई आणि काचेआडची चौकट असेल तर प्रिंट अनेक दशके रंग न बदलता राहील, असे या चाचण्या सांगतात. एका पिढीच्या आत या माध्यमाने विश्वास गमावला आणि परत कमावला. कमावला तो कागद-शाईच्या जोरावर.

यंत्राचे काम तसे समजायला सोपे. छपाईच्या डोक्यात केसापेक्षा बारीक हजारो छिद्रे असतात. काही कंपन्यांच्या यंत्रांत छिद्रामागे विजेने आकार बदलणारा स्फटिक असतो. तो वाकला की शाईचा थेंब बाहेर ढकलला जातो. काहींत शाई क्षणभर तापवून बुडबुडा तयार करतात आणि त्या दाबाने थेंब उडतो. थेंब इतका लहान की तो मोजायला पिकोलिटर हे माप लागते, म्हणजे एका लिटरचा दशलक्ष दशलक्षांश भाग. आजच्या यंत्रांत एकेक थेंब चार पिकोलिटरच्या आसपास असतो. चार रंगांऐवजी आठ, दहा, बारा शाया असतात. त्यात करड्याच्या दोन-तीन छटा. या करड्या शायांमुळेच पावसाळी आभाळ, धुके, कातळ यांसारखे सौम्य उतार पट्टे न पडता उमटतात. सह्याद्रीचे चित्र काढणाऱ्याला करड्याचे मोल सांगायला नको.

खरे तर इंकजेट आपल्या गावोगाव आधीच पोहोचले आहे. चौकाचौकांतले फ्लेक्स त्याचेच. वाढदिवस, निवडणूक, यात्रा, बैलगाडा शर्यत, आणि तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगावात फडांच्या राहुट्यांवरचे फलक, सगळे इंकजेटचे. तिथे शाई सॉल्व्हंटची आणि पडदा प्लास्टिकचा. आयुष्य उन्हातल्या काही महिन्यांचे. फ्लेक्स आला आणि गावोगावचे अक्षर रंगवणारे पेंटर बेकार झाले. त्यांच्या हातातले वळण, त्यांची सावलीची अक्षरे, दुकानांच्या पाट्यांवरची त्यांची सही, हे सगळे एका पिढीत गेले. हे नुकसान खरे आहे आणि ते या प्रस्तावनेत नोंदवलेच पाहिजे. त्या आठवणीमुळेच अनेक चांगल्या चित्रकारांच्या मनात इंकजेट म्हणजे स्वस्त, भडक आणि उपरे असे समीकरण बसले आहे. ते समीकरण सॉल्व्हंट आणि प्लास्टिकपुरते खरे आहे. त्याच तंत्राला कापसाचा कागद आणि पिगमेंट शाई दिली की वस्तू वेगळी होते. आणि ज्यांच्या हातून ब्रश सुटला त्यांच्या मुलांना याच तंत्रातून कलेकडे परतायची वाटही मिळू शकते.

एक उदाहरण जवळून पाहू. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात भूतलिंग लेण्यांचा गट आहे. तिथल्या अपूर्ण राहिलेल्या चैत्याच्या दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे आहेत आणि मधल्या कप्प्यात गजलक्ष्मी. छिन्नीच्या खुणा, झिजलेले हत्ती, सावलीत बुडालेला दरवाजा. तिरप्या उन्हात याचे छायाचित्र घेतले आणि संगणकाच्या पडद्यावर पाहिले तर सावलीतला दगडही दिसतो, कारण पडदा स्वतः उजेड टाकतो. कागद तसा उजेड टाकत नाही. तो खोलीतला उजेड परत देतो. म्हणून पडद्यावर दिसणारी सावली कागदावर नुसती काळी होते आणि दरवाजा भिंतीत मिसळून जातो. नवशिक्याची पहिली निराशा ही असते.

उपाय टप्प्याटप्प्याने करायचा. पडद्याचा उजेड कमी करून, मापक यंत्राने तो नीट जुळवून घ्यायचा. ज्या कागदावर छापायचे त्या कागदाचे प्रोफाइल घ्यायचे. प्रोफाइल म्हणजे त्या कागदावर, त्या शाईने, त्या यंत्रात कोणता रंग कसा उतरतो याची मोजून केलेली नोंद. ते लावून चित्र पाहिले की संगणक आधीच सांगतो कोणता रंग हरवणार. मग सावलीचा भाग हळूहळू उघडायचा आणि पूर्ण चित्र न छापता हाताच्या पंजाएवढी पट्टी छापायची: एक दरवाजाची, एक गजलक्ष्मीची, एक उन्हातल्या दगडाची. पट्टी रात्रभर वाळू द्यायची, कारण ओल्या शाईचा रंग आणि वाळलेल्या शाईचा रंग एक नसतो. दुसऱ्या दिवशी ती खिडकीच्या उजेडात आणि घरातल्या दिव्याखाली, दोन्हीकडे पाहायची.

आणि इथे कागदाचा निर्णय येतो. बरायटा नावाच्या तुकतुकीत कागदावर सर्वांत गडद काळ्याची घनता २.२ च्या पुढे जाते. मॅट कापशी कागदावर ती साधारण १.६ ते १.७ वर थांबते. आकड्यांनी पाहिले तर बरायटा जिंकतो. पण भूतलिंगच्या दगडाला चकाकी नाही. बरायटावर तो ओल्या फरशीसारखा दिसतो. मॅट कागदावर त्याचा खरखरीतपणा बोटाला जाणवेलसा वाटतो. काळे थोडे कमी काळे राहिले तरी दगड दगड वाटतो. उलट डिंभे धरणाच्या पाण्यावर पडलेले पावसानंतरचे ऊन असेल तर तिथे बरायटाच हवा. हा निर्णय कोणतेही यंत्र घेत नाही. तो चित्रकाराने विषय ओळखून घ्यायचा असतो, आणि तो घेता येणे म्हणजेच माध्यम हातात येणे.

शाई आणि कागद हातात घेऊन याच डोंगरांत आणखी एक काम झाले आहे. नाणेघाटातला नागनिकेचा लेख, मानमोडीतला नहपानाच्या अमात्य अयमाचा लेख, शिवनेरी आणि लेण्याद्रीतले दानलेख यांचे ठसे अभ्यासकांनी कागदावर घेतले. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने थोपटून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, अर्धवट वाळल्यावर वरून शाईची पुडी फिरवायची. खाचा पांढऱ्या राहतात आणि दगड काळा होतो. भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली नाणेघाटातल्या अंकांवर लिहिले आणि १८८१ साली जेम्स बर्जेस यांच्याबरोबर पश्चिम भारतातल्या लेण्यांतील लेखांचा संग्रह काढला, त्यामागे असे ठसे आणि नकला होत्या. त्या माणसांनी डोंगर चढून, कागद सांभाळून, वाऱ्या-उन्हात शाई फिरवली. प्रत काढणे हे हलके काम नाही, त्यालाही नजर आणि इमान लागते, हे त्यांच्याकडून शिकावे.

आंबेगावकरांना या माध्यमाचे आणखी एक कारण आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. बुडालेल्या गावांचे जे काही दृश्य उरले आहे ते लोकांच्या ट्रंकांत आहे: लग्नातले फोटो, शाळेचे गटचित्र, वाड्याच्या ओट्यावर बसलेली माणसे. त्यातले रंगीत फोटो तांबूस पडत चालले आहेत, कारण त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग अंधारातही टिकत नाही. असे फोटो वेळीच स्कॅन करून, रंग सावरून, कापशी कागदावर पिगमेंट शाईने छापले तर आणखी दोन-तीन पिढ्यांना ते गाव पाहता येईल. इथे एक पथ्य मात्र पाळावे. मूळ फोटो फेकू नये, आणि सावरताना नवे काही रंगवू नये. फाटलेला कोपरा जोडणे वेगळे आणि आजोबांच्या सदऱ्याला मनाने रंग देणे वेगळे.

आता चित्रकारांच्या मनातल्या मोठ्या शंकेकडे. कॅनव्हासवरचे चित्र मूळ; मग प्रिंट म्हणजे नक्कलच ना? जलरंगातल्या चित्राची छापील प्रत काढली तर ती प्रतच आहे, आणि तसेच सांगून विकावी. ‘मूळ चित्राची छापील प्रत’ असे मागे लिहायला लाजू नये. पण जे चित्र संगणकावरच घडले, जे छायाचित्र प्रिंट होईपर्यंत पूर्णच होत नाही, त्याला दुसरे मूळ कुठे आहे? तिथे प्रिंट हेच चित्र. विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमराव सिंग शेरगिल यांची जुनी कौटुंबिक छायाचित्रे संगणकावर एकत्र जुळवून ‘रीटेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. वेगवेगळ्या काळातली माणसे एकाच खोलीत आली. असे चित्र ब्रशने झाले नसते आणि अंधाऱ्या खोलीतल्या जुन्या पद्धतीनेही फार अवघड गेले असते. काही चित्रकार प्रिंटवर पुन्हा हाताने काम करतात. लिनोकट, वॉश, सोन्याचा वर्ख चढवतात. माध्यमाला स्वतःची भाषा असते ती अशी, आणि ती वापरूनच घडते.

प्रतींच्या संख्येबद्दल हे पुस्तक कठोर आहे. शिळाछापात दगड झिजे, ताम्रपटावरची रेघ बोथट होई. प्रतींना आपोआप मर्यादा पडे. संगणकातली फाइल झिजत नाही. म्हणून इथे मर्यादा फक्त चित्रकाराच्या शब्दाची असते. पंचवीस प्रती म्हटल्या की पंचवीसच. खालच्या कोऱ्या समासात पेन्सिलीने ३/२५ असा क्रमांक, शीर्षक, सही आणि वर्ष. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रतींवर ‘ए. पी.’ लिहावे, आणि त्याही मोजक्याच. आकार बदलून दुसरी आवृत्ती काढायची असेल तर ती पहिल्याच दिवशी जाहीर करावी. पहिली आवृत्ती संपल्यावर सुचलेली दुसरी आवृत्ती ही घेणाऱ्याची फसवणूक आहे. प्रत्येक प्रतीबरोबर एक कागद द्यावा: कागदाचे नाव, शाईचा संच, छपाईची तारीख, एकूण प्रती. एक नोंदवही ठेवावी आणि कोणती प्रत कुणाकडे गेली ते तिच्यात लिहावे. सव्विसावी प्रत मागणारा माणूस येईल, पैसेही बरे देईल. त्याला नाही म्हणणे हा या कलेचाच भाग आहे.

आपल्या भागातल्या अडचणीही नजरेआड करून चालणार नाही. तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या बाजूला, पावसाळ्यात हवा महिनोन्महिने ओलीच असते. कागद ती ओल पितो, लाटांसारखा उचलतो, आणि छपाईचे डोके त्याच्यावर घासते. कागद सीलबंद पिशवीत, सिलिका जेलसह, जमिनीपासून वर ठेवावा आणि छापण्याआधी काही तास त्याच खोलीत मोकळा सोडावा. उन्हाळ्यात पूर्वेकडे उलट अडचण: धूळ आणि कोरडेपणा यांनी छिद्रे बुजतात. यंत्र दर आठवड्याला थोडे चालवलेच पाहिजे; बंद पडून राहिलेल्या यंत्रात शाई वाळते. प्रिंट अर्ध्यावर असताना वीज गेली तर तो कागद वाया, म्हणून यूपीएस. आणि सर्वांत महत्त्वाचे, चौकट करताना प्रिंट काचेला चिकटू देऊ नये. मध्ये माउंट हवाच, नाहीतर एका पावसाळ्यात बुरशी आणि डाग ठरलेले.

यंत्र विकत घेण्याची घाई करू नये, असेही आवर्जून सांगतो. मोठे यंत्र महाग, शाया त्याहून महाग, आणि रोज काम नसेल तर ते जड जाते. पुण्या-मुंबईत पिगमेंट छपाई करणारे जाणकार आहेत. सुरुवात त्यांच्याकडे करावी, पण घरी बसून फाइल पाठवून नव्हे. समोर बसावे, पट्ट्या मागाव्यात, न पटलेली पट्टी परत करावी. दोन तालुक्यांतल्या पाच-सात जणांनी किंवा एखाद्या महाविद्यालयाने एकत्र येऊन एखादे मध्यम आकाराचे यंत्र घेतले तर ते रोज चालेल आणि शाई वाळणार नाही. कलाशिक्षकांनी यात पुढाकार घ्यावा.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी कागद, मग शाई, मग पडदा आणि प्रोफाइल, मग चाचणीपट्ट्या. त्यानंतर चित्रकार, छायाचित्रकार आणि जुने फोटो सांभाळणारे यांच्यासाठी वेगवेगळी प्रकरणे. शेवटी आवृत्ती, सही, नोंदवही, चौकट आणि साठवण. ज्यांना यंत्राला हात लावायचाच नाही त्यांनी निदान पहिली दोन आणि शेवटची दोन प्रकरणे वाचावीत. चित्र विकत घेणाऱ्यांनीही ती वाचावीत; घेणारा जागरूक असला की विकणारा नीट वागतो.

जुन्नर-आंबेगावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे: पुरच्या कुकडेश्वराचे शिल्प, जीवधनचा कडा, शेकरू, खोडदच्या महादुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, उसात वावरणारा बिबट्या आणि त्याच्याबरोबर जगायला शिकलेली माणसे. यातले पुष्कळसे आज मोबाइलच्या पडद्यावर दिसते आणि बोट सरकवले की जाते. ते कागदावर यावे, नीट यावे आणि टिकावे. म्हणून वाचकांना विनंती इतकीच: हे पुस्तक वाचून बाजूला ठेवू नका. आपल्या संग्रहातले एक चित्र निवडा, एक चांगला कागद मिळवा, चार पट्ट्या छापून पाहा. आणि पहिली आवृत्ती काढाल तेव्हा जितक्या प्रती म्हणाल, तितक्याच काढा.